तुझ्या मागच्या चाकामागे

वंदे,

तू पार्किंग लॉटमध्ये गेलीस, हे मला अजून पटत नाही. तू गेलीस हे कसंबसं गिळलंय, पार्किंग लॉट मात्र घशाखाली उतरत नाही. नाइल्स कॅनियनमध्ये ट्रक आपल्या कोपराला वारा घालत गेले, मेक्सिकोत बसवाल्यांनी आपल्याला झुडपात उतरवलं, तिथं तुझ्या केसालाही धक्का लागला नाही. आणि आपल्या फ्रीमाँटमध्ये, स्वच्छ उन्हात, कोथिंबिरीची जुडी आणि दुधाचा गॅलन डिकीत ठेवता ठेवता तुझं हृदय थांबलं. डिकी उघडीच राहिली होती, असं सुहास सांगत होता. मी त्याला मूर्खासारखं विचारलं, गाडी नीट रेघेत लावली होती का. तुझा नवरा बिचारा हो म्हणाला.

मंडळानं शोकसभा घेतली. तुझं शिक्षण सांगून झालं, नोकरी सांगून झाली, गणपतीच्या महाप्रसादाचा मसालेभात तू कसा एकहाती सांभाळायचीस तेही झालं. एका काकांनी तुला 'शांत आणि मितभाषी' म्हटलं. मितभाषी म्हणजे काय, सईनं मला कानात विचारलं. मी अर्थ सांगितला. तुझ्या लेकीला आधी हसू आवरेना, मग रडू आवरेना. सायकलीचा विषय 'त्यांना व्यायामाची आवड होती' एवढ्या एका वाक्यात आटोपला. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी जागेवरून उठले नाही. तोंड उघडलं असतं तर रडले नसते, भांडले असते. आणि भांडायचं तर ते तुझ्याशी, मंडळाशी कशाला.

आपलं सुरू झालं ते माझ्या गुडघ्यावरून. डॉक्टरनं पळणं बंद करायला सांगितलं आणि मी तुझ्यापुढे रडगाणं लावलं. पुढच्याच शनिवारी तू कुणाची तरी वापरलेली रोड बाइक माझ्या टाउनहाऊसच्या दारात आणून उभी केलीस. ती काडीसारखी चाकं बघून मी नको नको म्हणत होते. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं हाडं मोडून घ्यायची का, असंही म्हणाले. "काहून घाबरून राहिली?" तू म्हणालीस. "माझ्या मागच्या चाकावर नजर ठेव आन पायडल मार." नागपूर सोडून तुला किती वर्षं झाली होती, पण सायकलवर बसलीस की नागपूर तुझ्या तोंडात परत यायचं. आम्ही पुण्याचे लोक सायकल जन्मतःच शिकून येतो, असं मी तुला ऐकवायचे आणि निमूट तुझ्या मागे यायचे.

त्या दिवसापासून मी तेच केलं. खरं सांगू का, मी रस्ता कधी पाहिलाच नाही. मी तुझं मागचं चाक पाहिलं. खड्डा आला की तुझा हात खाली जायचा. तुझी ती पितळी घंटी वाजली की पुढे कुत्रं आहे किंवा माणूस आहे, हे मला कळायचं. लोक सायकलीचं वजन ग्रॅम-ग्रॅमनं कमी करतात, आणि तू नागपूरहून आणलेली ती धोंड कार्बनच्या हँडलला लावलीस. सायकलच्या दुकानातला माणूस हसला, तेव्हा तू ती त्याच्या नाकासमोर वाजवून दाखवलीस.

मेक्सिको आलं ते सुहासमुळे. त्याला जानेवारीत समुद्राकाठी नुसतं पडून राहायचं होतं, म्हणून त्यानं पुएर्तो वायार्ताच्या वरच्या अंगाला, बुसेरियास नावाच्या गावात आठवडाभर रिसॉर्ट घेतलं आणि मी एकटी काय करणार म्हणून मलाही ओढलंत. दुसऱ्याच दिवशी तू स्विमिंग पूलच्या कडेला बसून पाण्यात पायडल मारत होतीस. तिसऱ्या दिवशी आपण भाड्याच्या सायकली काढल्या. डेस्कवरची मुलगी म्हणाली, सायकलनं जाऊ नका, टॅक्सी घ्या. परत आल्यावर ऑफिसातले म्हणाले, मेक्सिकोत सायकल म्हणजे शुद्ध वेडेपणा. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस आणि पुढच्या जानेवारीपासून आपल्या सायकली खोक्यात घालून विमानानं न्यायला लागलीस.

पण तू वेडी नव्हतीस, हे सांगून सांगून मी थकले. तुझ्याइतकी जपून चालवणारी बाई मी पाहिली नाही. गावातल्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर तू सायकल हातात धरून चालायचीस. सायुलिताकडे जाणारा मोठा हायवे, जिथं कडेची पट्टी संपते आणि जंगलातली वळणं सुरू होतात, तिथं मला कितीही मोह झाला तरी तू चाक घातलं नाहीस. हायवेवरून डावीकडे वळायचं तर मधल्या लेनमध्ये घुसायचं नाही, उजवीकडे सर्व्हिस रोडला उतरायचं, सिग्नलची वाट बघायची आणि मग आडवं पार व्हायचं. हे तू कोपऱ्यावर उभं राहून तिथल्या सायकलवाल्यांना बघून शिकलीस. मी तेव्हा उन्हात उभी राहून कुरकुरत होते.

आपला रस्ता ठरलेला होता. ला क्रूस गावापासून पुढे पुंता मितापर्यंत, डाव्या हाताला झाडांतून मधूनच समुद्र दिसतो तो. रहदारी कमी, पण त्यालाही कडेला जागा जवळजवळ नाहीच. आणि वळणावळणावर क्रूस. कुठं लाकडी, कुठं लोखंडी, कुठं सिमेंटचं लहानसं खोपटं. जिथं गाडीखाली माणूस गेलं तिथं घरचे ते उभारतात. पहिल्या वर्षी आपल्याला हे ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे आपण जे केलं ते आठवलं की माझे कान अजून गरम होतात.

पुंता मिताच्या थोडं अलीकडे एका वळणावर एक बुटकं देऊळ दिसलं. निळा रंग, आत मेणबत्ती आणि वर झेंडूची माळ. झेंडू बघितल्यावर आपल्याला दुसरं काय सुचणार. घाटातला देव आहे, तू म्हणालीस, नारळ फोडल्याशिवाय पुढे जायचं नाही. रस्त्यापलीकडे एक बाई टपरीवर शहाळी आणि खोबऱ्याच्या वड्या विकत होती. तिच्याकडून तू खुणांनी एक वाळका नारळ मागून घेतलास, देवळापुढच्या दगडावर एका फटक्यात फोडलास, पाणी शिंपडलंस, सायकलचे बूट काढून नमस्कार केलास आणि मलाही करायला लावलास. मग प्रसन्न चेहऱ्यानं रस्ता ओलांडून त्या बाईला प्रसाद द्यायला गेलीस.

तिनं खोबऱ्याचा तुकडा घेतला. तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. मग देवळाकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात पोटाशी घेऊन बाळाला जोजवतात तसे हलवले.

तू मटकन खाली बसलीस. आत पाटी होती, तिच्यावर नाव होतं, मातेओ, आणि आपण दोघी शिकल्यासवरलेल्या बायांनी ती वाचलीच नव्हती. तू कान धरलेस, शाळेत धरायचो तसे दोन्ही. त्या बाईंना, म्हणजे आपल्या लुपेबाईंना, त्याचा अर्थ कळायचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी तुझे हात धरून खाली घेतले आणि उरलेलं खोबरं तुलाच भरवलं. झेंडू त्यांच्याकडे गेलेल्या माणसांचं फूल आहे, हे आपल्याला बरंच नंतर कळलं.

मुलगा कसा गेला तेही त्यांनी खुणांनीच सांगितलं. सकाळी मोटरसायकलवरून गावाकडे निघाला होता. त्यांनी पूर्वेकडे बोट केलं, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि मग एक तळवा दुसऱ्यावर आपटला. त्या रस्त्यानं सकाळी परत येताना सूर्य बरोबर समोर असतो. आपले डोळे दिपतात ते सोड, मागून येणाऱ्या गाडीवाल्याला पुढचं माणूसच दिसत नाही. त्या दिवशी लुपेबाईंनी आपल्याला निघू दिलं नाही. बसायला स्टुलं दिली आणि एका उंच माडाकडे बोट दाखवलं. सूर्य माडाच्या शेंड्यावर आला तेव्हा हातानं सांगितलं, जा आता. तोच आपला नियम झाला. जाताना नीट उजाडल्यावर निघायचं आणि येताना सूर्य माडावर येईपर्यंत टपरीवर बसायचं. तू तेवढ्यात तुझं तोडकंमोडकं स्पॅनिश त्यांच्यावर चालवून घ्यायचीस. दर जानेवारीत त्या आपल्यासाठी एक नारळ बाजूला ठेवायच्या आणि त्यांच्याच आग्रहानं तू तो मातेओपुढे फोडायचीस.

आपलं भांडणही तिथलंच. त्या वर्षापासून क्रूस दिसला की तुझा उजवा हात हँडलवरून सुटायचा, कपाळाला लागायचा, छातीला लागायचा. आणि मागून मी ओरडायचे, "हात!"

माझं म्हणणं साधं होतं. जिथं माणूस मेलं तो रस्त्याचा सगळ्यात वाईट तुकडा. नेमकं तिथंच एक हात सोडायचा याला काय म्हणायचं. तुझं म्हणणं, नमस्कार करायचा असतो म्हणूनच मी तिथं ब्रेक दाबते, तू मात्र दोन्ही हात घट्ट धरून तशीच दामटत येतेस. "क्रूस म्हणजे पाटी आहे मेधे. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी लावलेली. वाचत जा." मी म्हणायचे, पाटी डोळ्यांनी वाचतात, त्याला हात लागत नाही. तू म्हणायचीस, खरंच, पुण्याच्या बाईला मी पाट्यांचं काय सांगू. हे भांडण विमानात बसून फ्रीमाँटपर्यंत यायचं. आपल्याकडे कॅनियन रोडच्या तोंडाशी कुणीतरी पांढरी रंगवलेली सायकल खांबाला बांधलीय, एका गेलेल्या सायकलवाल्याची आठवण म्हणून. तिथंही तुझा हात वर, आणि माझं "हात". दिवाळीनंतरच्या आपल्या शेवटच्या राइडलाही तेच झालं. जानेवारीत मेक्सिकोत याचा निकाल लावू, असं म्हणून तू घरी गेलीस.

जानेवारीचं बुकिंग झालेलंच होतं. मी कॅन्सल करायला बसले होते तेवढ्यात सईचा फोन आला. ती तुझी सायकल घेऊन येणार होती. तिला तो रस्ता बघायचा होता, लुपेबाईंना सांगायचं होतं आणि तुझी घंटी तिथं एका लहानशा क्रूसाला लावायची होती. मला बरं वाटलं. तुला शोभेल अशी जागा तरी मिळेल, पार्किंग लॉट नको, असं वाटलं.

सुहासला बरं वाटलं नाही. त्यानं मला गराजमध्ये नेलं. तुझी लाल सायकल तिथं उलटी टांगलेली होती, आणि तो माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून बोलत होता. "मेधा, तिला त्या रोडवर नेऊ नकोस यार. बीचवर फिरवा, शॉपिंग करा, काहीही करा."

सई दारात येऊन उभी राहिली होती. "बाबा, आय ॲम गोइंग. मेधा मावशी नाही आली तर मी अलोन जाईन."

एकटी जाणार नाही, मी असेन, असं मी म्हणाले. मग सुहासनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पुढे कोण असणार?"

इतक्या वर्षांत मी कधीही पुढे नव्हते हे त्यालाही ठाऊक होतं. तुझी एकुलती एक मुलगी, तो रस्ता, आणि पुढे मी. त्या दिवसापासून विमानात बसेपर्यंत मला धड झोप लागली नाही. तुझा इतका राग आला होता की काय सांगू. मला मागे बसून घाबरायची सवय लावलीस आणि पुढची जागा रिकामी करून निघून गेलीस.

त्या सकाळी मी पुढे झाले. वंदे, त्या रस्त्याला केवढी वळणं आहेत गं. मी दर वर्षी तिथून गेलेय आणि त्यातलं एकही मला ओळखीचं वाटेना. एका उतारावर पिवळ्या भिंतीची शाळा आहे, ती मी पहिल्यांदा पाहिली. शाळेपुढचा गतिरोधक तर अंगावरच आला. मी तुझ्यासारखा हात खाली करून खड्डे दाखवत होते. पहिला क्रूस आला तसा मी ब्रेक दाबला, दोन्ही हात हँडलवर, आणि हेल्मेटच्या आरशात बघितलं. मागे सईचा हात वर गेला होता. कपाळ, छाती. हुबेहूब तू. लहानपणी तुझ्या गाडीत मागे बसून, देऊळ दिसलं की तू करायचीस तो नमस्कार ती बघत आली असणार.

"हात!" माझ्या तोंडून निघालंच.

"सॉरी, मावशी," मागून आवाज आला. तू जन्मात कधी सॉरी म्हणाली नव्हतीस. मला असं भडभडून आलं की थांबावंसं वाटलं, पण थांबायला कडेला जागा नव्हती, म्हणून रडतच चालवली.

आम्हाला लांबून बघून लुपेबाई नारळ हातात घेऊनच उठल्या. आधी त्यांना मी पुढे दिसले, तिथंच त्यांचा चेहरा बदलला. मग लाल सायकल दिसली आणि मग सईचं तोंड, जे अगदी तुझं आहे. त्यांनी नारळ खाली ठेवला. सई नर्स आहे, पेशंटशी रोज स्पॅनिश बोलते. ती काय काय सांगत होती, मला त्यातलं फक्त 'मामा' कळलं. लुपेबाईंनी तिला जवळ घेतलं आणि मातेओला जोजवलं होतं तशाच हलत राहिल्या.

थोड्या वेळानं सईनं खिशातून घंटी काढली आणि विचारलं. लुपेबाईंनी ती हातात फिरवून बघितली, एकदा वाजवली आणि मान हलवली. त्या बराच वेळ बोलल्या. मग सई माझ्याकडे वळली.

"शी सेज नो, मावशी. ती म्हणते, इथे ज्यांना रोडनं घेतलं त्यांचं असतं." ती पुढचे शब्द जुळवत थांबली. "आईला रोडनं घेतलं नाही. एव्हरी टाइम परत दिलं."

मी इतके दिवस ज्या पार्किंग लॉटवर दात खात होते, त्याच्याकडे त्या बाईनं असं बघितलं. तिच्या मुलाला हा रस्ता परत देता आला नव्हता. ती रोज समोर बसून ते बघते. तिच्यापुढे मी कुठल्या तोंडानं तक्रार करणार होते. माझं समाधान झालं असं मी म्हणणार नाही, तू गेलीस त्यात समाधान होण्यासारखं काही नाही. पण तुझ्यासाठी तिथं क्रूस असता तर आपण दोघी त्या रस्त्यापुढे हरलो असतो, एवढं मला तेव्हा कळलं. तुझे सगळे नियम, तुझं कोपऱ्यावर उभं राहणं, तो माड, हे सगळं उपयोगी पडलं होतं. तुझे आभार मानायचे राहिलेच. मी एवढ्या वेळा धड घरी आले ते तुझ्यामुळे, हे मी तुला कधी म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तू वर्षभर ऐकवलं असतंस.

सईनं टपरीवर बसून पान्यानं घंटी परत हँडलला लावली. नारळ मात्र मातेओचा होता, तो फोडायलाच हवा होता, आणि तो मी फोडला. मी, जी दर वेळी बाजूला उभी राहून घड्याळ बघायची. पहिला फटका वाया गेला, दुसरा माझ्या बोटावर बसला, त्यानंतर कधीतरी तो तडकला. लुपेबाई, तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून, हात धरून हसत होत्या.

सुहासचा फोन आला, निघालात का. सईलाही निघायची घाई झाली होती. मी म्हणाले, सूर्य अजून माडाखाली आहे. तो म्हणाला, बसा, सावकाश या. आम्ही बसलो. वड्या खाल्ल्या. सूर्य शेंड्यावर आल्यावर लुपेबाईंनी हात हलवला आणि आम्ही आलो परत. एअरपोर्टवर सुहासनं सईचे कोपर आणि गुडघे बघितले, ती लहानपणी खेळून आल्यावर बघायचा तसे, आणि मग माझी बॅग माझ्या हातातून काढून घेतली.

काल मी एकटीच कॅनियन रोडला गेले. सईची ड्यूटी होती. धुकं नुकतं उठलं होतं आणि रस्ता ओला होता. पांढऱ्या सायकलीपाशी आले, ब्रेक दाबला, आणि माझा उजवा हात हँडलवरून सुटला. मी काही ठरवलं नव्हतं. तो कपाळाला लागला, छातीला लागला आणि परत जागेवर आला. सायकल जराही हलली नाही. तेवढं तुझं खरं होतं, घे.

मग मी मागून ओरड यायची वाट पाहिली. मागून 'हात' म्हणून ओरडणारी मीच होते, हे कळायला पुढचा पूल यावा लागला.